सूनबाईची इम्युनिटी वाढवू नका, ताई

सुदामा नगर, इंदूरहून एका ताईंचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, मी थोडक्यात देते.

"मुलाच्या लग्नाला तीन वर्षं झाली. सून एकोणतीसची, बँकेत नोकरी करते. मागच्याच्या मागच्या दिवाळीत तिला दिवस राहिले होते पण दोन महिन्यांत गेलं. मग रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेली आणि आल्यावर गाल लाल झाले, आम्हाला वाटलं रंगाची ॲलर्जी. पण नंतर सांधे धरले, मूठमूठ केस गळायला लागले, ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले ल्युपस, ऑटोइम्यून आजार आहे. तेव्हापासून मलेरियाची गोळी, स्टेरॉइड आणि अजून एक मोठी गोळी चालू आहे. चेहरा सुजल्यासारखा गोल झालाय. इम्युनिटी वाढावी म्हणून मी रोज गिलोयचा काढा देते, अश्वगंधा देते, भूक लागावी म्हणून अल्फाल्फा टॉनिक देते, व्हिटॅमिन डी कमी निघालं म्हणून अकरा वाजता गच्चीवर उन्हात बसवते. रिपोर्ट सुधारलेत पण थकवा जात नाही, सकाळी आठपर्यंत उठत नाही, कणीक मळायला दहा मिनिटं ओट्यापाशी उभी राहिली की बसते, आणि शनिवारी मात्र नवऱ्याबरोबर छप्पन दुकानात खायला जाते. माझ्या भाचीचीही एएनए नावाची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह होती, तिला तर काहीच नाही, मग हिचंही चुकलं असेल का? गर्भ त्या मलेरियाच्या गोळीनेच गेला असं मला वाटतं. स्टेरॉइड हळूच बंद करून बघू का? मला थायरॉइड सोडून काही नाही, आमच्या घरात हे कुठून आलं तेच समजत नाही. भाऊ म्हणतो उज्जैनजवळ एक जण पुडी देतात, सांधे मोकळे होतात. नेऊ का?"

ताई, तुम्ही सुनेचं मनापासून करताय हे पत्रात दिसतंच, नाहीतर कोण पहाटे उठून सुनेसाठी काढा उकळत बसतं. पण पंचाईत अशी आहे की तुम्ही जे जे देताय त्यातलं बरंचसं नेमकं उलट्या बाजूला जातंय, आणि ते का ते कळलं नाही तर तुम्ही गिलोय बंद करून दुसरं काहीतरी सुरू कराल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिची इम्युनिटी कमी नाहीये. तिची इम्युनिटी भरपूर आहे, नुसती आवरात नाहीये, तिच्याच शरीरावर उलटलीय, ऑटोइम्यून म्हणजे तेच. शरीरात जंतूंवर धावून जाणाऱ्या पेशी असतात तशा त्या पेशींना "बास आता, हे आपलंच आहे" म्हणून थांबवणाऱ्या पेशीही असतात, आणि ह्या थांबवणाऱ्यांचं महत्त्व लोकांच्या लक्षात यायला फार उशीर झाला. जपानच्या शिमोन साकागुचींनी 1995 मध्ये त्या दाखवून दिल्या, 2001 मध्ये अमेरिकेत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी3 नावाचं जीन शोधलं, ते बिघडलं की उंदराचं शरीर स्वतःवरच उलटायचं, आणि 2025 चं मेडिसिनचं नोबेल ह्याच तिघांना मिळालं. ल्युपसमध्ये एवढी एकच गोष्ट बिघडते असं नाही, त्यात जीन्स असतात, हार्मोन असतात, ऊन असतं, एखादं इन्फेक्शन निमित्त होतं, सगळं मिळून जमतं, आणि दहा पेशंटमध्ये साधारण नऊ बायका असतात, त्याही बहुतेक पंधरा ते पंचेचाळीसमधल्या. पण निष्कर्ष एवढाच की ब्रेक सैल झालेल्या गाडीला तुम्ही रोज सकाळी ॲक्सिलेटर देताय. तिच्या सगळ्या गोळ्या इम्युनिटीला थोडं खाली बसवायला आहेत आणि तुमचा काढा तिला उठवायला, म्हणजे एकाच घरात दोन उलटी औषधं चालू आहेत.

आणि हे घरात कुठून आलं? तुमच्याकडून आलं असं मी म्हणत नाहीये, सुनेचं नि तुमचं रक्त काही एक नाही, पण ताई तुम्ही लिहिलंय "मला थायरॉइड सोडून काही नाही" आणि ते वाचून मी हसले. थायरॉइड कमी पडण्याचं सगळ्यात कॉमन कारण आता हेच आहे, की शरीर स्वतःच्या थायरॉइड ग्रंथीवर उलटतं. हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी सर्जनने 1912 मध्ये ते पहिल्यांदा लिहिलं म्हणून त्याला हाशिमोटोच म्हणतात. तुमच्या जुन्या फायलीत अँटी टीपीओ नावाची टेस्ट असेल तर बघा, ती वाढलेली असली तर घरातल्या पहिल्या ऑटोइम्यून पेशंट तुम्ही, सूनबाई दुसरी. फरक एवढाच की तुमच्यात एकाच ग्रंथीवर हल्ला झाला आणि एका गोळीत काम भागलं, तिच्यात सांधे, कातडी, रक्त, किडनी कशावरही होऊ शकतो. तुम्ही रोज उपाशीपोटी ती छोटी गोळी न चुकता घेता आणि "हळूच बंद करून बघू का" असं तुम्हाला कुणी म्हणत नाही.

आता एकेक वस्तू घेते.

गिलोय, म्हणजे आपली गुळवेल, आजच बंद करा. कोरोनात सगळ्या देशाने गुळवेल प्यायली, आपल्याकडे तर कॉलनीत वेल लावायची चढाओढ होती, आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंटची माहिती छापली ज्यांना गिलोय घेतल्यावर लिव्हरला सूज आली, कावीळ झाली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, पण मग 2022 मध्ये देशातल्या तेरा सेंटरांनी मिळून 43 पेशंटची माहिती छापली आणि त्यातून असं दिसलं की ज्यांच्यात आधीच ऑटोइम्यून लिव्हरचा आजार दबून बसलेला असतो त्यांच्यात तो गिलोयने वर येऊ शकतो. तिला आधीच एक ऑटोइम्यून आजार उघड झालाय, तिच्यावर हा प्रयोग कशाला? अश्वगंधाही तशीच, इम्युनिटीला चेतवणारी म्हणून विकतात आणि तिच्यानेही लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत. आमच्या पिढीला वाटतं झाडाचं आहे म्हणजे निरुपद्रवी, पण धोतराही झाडाचाच असतो. अल्फाल्फाचं तुम्हाला नवल वाटेल, त्याच्या बियांत आणि मोडांत एल-कॅनावनीन नावाचं द्रव्य असतं, 1982 मध्ये माकडांना अल्फाल्फाचे मोड खाऊ घातले तर त्यांच्यात ल्युपससारखा आजार दिसला, तेव्हापासून ल्युपसच्या पेशंटना अल्फाल्फा नको म्हणतात. बाटलीत कितीसं असतं हा वाद घालण्यापेक्षा बाटली काढून टाका. भूक तशीही स्टेरॉइडने वाढते, ती मुद्दाम लावायची गरजच नाही.

ऊन. ही तुमची सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती तुम्ही सगळ्यात चांगल्या हेतूने करताय. ती रंगपंचमीची लाली रंगाची नव्हती हो, मार्चचं इंदूरचं ऊन आणि गेर म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत राजवाड्याला उभं राहणं, नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेली लाली आणि नाकाच्या बाजूची घडी मात्र कोरी, हे ल्युपसचं चित्र आहे. उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटने कातडीतल्या पेशी फुटतात, त्यांच्या आतला माल बाहेर पडतो आणि इम्युनिटीला तोच शत्रू वाटतो, मग नुसती कातडी नाही तर सांधे, किडनी सगळं भडकू शकतं. म्हणून गच्ची बंद. दहा ते चार बाहेर पडायचं तर छत्री, पूर्ण बाह्या, एसपीएफ तीसच्या वरचं सनस्क्रीन, तेही दर दोन-तीन तासांनी परत, ढगाळ दिवशीसुद्धा, आणि गाडीच्या काचेतूनही काही किरण येतात हे लक्षात ठेवा. मग व्हिटॅमिन डी कुठून? गोळीतून, डॉक्टर सांगतील त्या डोसने. ल्युपसवाल्यांचं डी बरेचदा कमी असतं कारण त्यांना ऊन टाळावं लागतं, त्याचा उपाय परत ऊन असू शकत नाही. पुढच्या रंगपंचमीला तिला गेर टीव्हीवर दाखवा, संध्याकाळी घरी रंग खेळा.

भाचीचं एएनए. मी लॅबमध्ये होते म्हणून ह्यावर जरा जास्त बोलते, कारण ह्या एका टेस्टने जेवढी घबराट आणि जेवढा गैरसमज पसरवलाय तेवढा दुसऱ्या कशाने नाही. एएनए कमी पातळीला म्हणजे 1:80 वगैरेला कितीतरी धडधाकट लोकांत पॉझिटिव्ह येतं, साधारण दहातल्या एकात, थायरॉइडवाल्यांत तर अजूनच, तुमचंही येऊ शकेल. त्यामुळे नुसत्या एएनएवर कुणाला ल्युपस म्हणत नाहीत, भाचीला काही नाही हे बरोबरच आहे. पण हिचं निदान नुसत्या एएनएवर झालेलंच नाही. सांधे, लाली, ताप, केस हे सगळं होतं, आणि फाइल उघडून बघा, अँटी डीएसडीएनए, सी3, सी4, सीबीसी ह्या रक्ताच्या टेस्ट आणि लघवीतलं प्रोटीन हे असणारच. 2019 पासून तर जगभर मार्कांची पद्धत आहे, एएनए म्हणजे नुसतं आत यायचं तिकीट, पुढे दहा मार्क जमावे लागतात. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून "दोघींचं पॉझिटिव्ह" म्हणणं थांबवा, आणि भाचीला उगाच घाबरवू पण नका.

मलेरियाच्या गोळीवर तुमचा राग आहे तो काढून टाका. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन नाव तिचं. मलेरियाच्या औषधाने ल्युपसच्या कातडीला आराम पडतो हे 1951 मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नियतकालिकात आलंय, म्हणजे आपल्या जन्माआधीचं. ही गोळी नियमित घेणाऱ्यांत आजार कमी वेळा उसळतो, किडनी वाचते, माणसं जास्त जगतात. मार्च 2020 मध्ये कोरोनासाठी म्हणून लोकांनी हीच गोळी दुकानांतून उचलून नेली आणि ल्युपसच्या मुली मेडिकल स्टोअरच्या चकरा मारत होत्या, आता इतक्या मेहनतीने मिळवलेली गोळी आपणच बंद करायची का? डोळ्यांची भीती असते ती खरी आहे पण सांभाळता येते, सुरू केल्याच्या पहिल्या वर्षात एकदा पडद्याची तपासणी आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी, किडनी बिघडलेली असेल तर आधीपासून. आणि गर्भाचं म्हणाल तर ताई तुमच्याच पत्रात तारखा आहेत, दिवस दिवाळीत राहिले, दोन महिन्यांत गेलं आणि गोळी रंगपंचमीनंतर सुरू झाली. जी गोळी पोटात गेलीच नव्हती तिने काय केलं? तसंही सुरुवातीच्या महिन्यांत दहातल्या एक-दोघींचा गर्भ जातोच, कुणाचीच चूक नसताना. तरीपण पुढच्या वेळी जाल तेव्हा विचारा की अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीच्या टेस्ट झाल्यात का, कारण ल्युपसमध्ये त्या असल्या तर रक्त गोठू शकतं, गर्भ जाऊ शकतो, आणि त्यावर उपाय आहे.

नातवंडाचं तुम्ही सरळ विचारलं नाहीये पण ते दोन ओळींच्या मध्ये बसलंय, मला दिसलं. होऊ शकतं, ल्युपसच्या खूप बायकांना धडधाकट मुलं होतात. पण आजार किमान सहा महिने शांत हवा, आणि आधी ठरवून, डॉक्टरला सांगून. ती "मोठी गोळी" जर मायकोफेनोलेट असेल तर त्यावर असताना दिवस राहिले तर बाळात व्यंग येऊ शकतं, ती किमान दीड महिना आधी बंद करून दुसरी द्यावी लागते, मलेरियाची गोळी मात्र गरोदरपणातही चालूच ठेवतात. अँटी आरओ टेस्टही आधी करून ठेवतात, बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायला लागतं का ते त्यावरून कळतं. त्यामुळे आत्ता "कधी देताय गोड बातमी" हा विषय घरात बंद, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी काढला तर तुम्ही स्वतः तो बंद करायचा, तिने नाही.

स्टेरॉइड. हळूच काय, जोरात काय, तुम्ही बंद करायचं नाही. काही आठवडे स्टेरॉइड घेतलं की किडनीवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात, आणि गोळी अचानक थांबली की शरीरात ते हार्मोनच उरत नाही, उलट्या, चक्कर, बीपी खाली, माणूस आयसीयूत जातो. वर आजार उसळतो तो वेगळाच. चेहरा गोल होतो, मान्य आहे, मुलीला आरशात बघवत नाही, तेही मान्य. डॉक्टर लोक पण आता दिवसाला पाच मिलिग्रॅमच्या आत आणायच्या मागे असतात, दर भेटीला विचारा "किती कमी करता येईल?" हा प्रश्न विचारायचा हक्क आहे तिचा. उपास असेल तर गोळीआधी काहीतरी खायचंच, चतुर्थी देव समजून घेतो.

आता ते छप्पन दुकानाचं. मला वाटतं चार पानांतलं खरं दुखणं हेच आहे, बाकीचं त्याभोवती लिहिलंय. ल्युपसचा थकवा हा आपल्या थकव्यासारखा नसतो, झोपलं की गेला असा. रक्ताचे रिपोर्ट छान आले तरी तो राहतो, कुठल्या मशीनवर दिसत नाही, आणि म्हणून घरच्यांना तो आळस वाटतो. सकाळी तर सांधे अक्षरशः आखडलेले असतात, मूठ वळत नाही, तास दीड तास जातो सुटायला. तुम्ही तिच्याकडून कणीक नेमकी त्याच वेळी मागताय! संध्याकाळपर्यंत सांधे सुटतात, म्हणून शनिवारी ती छप्पनला जाते, आणि बहुतेक त्यासाठी शुक्रवारपासून जीव राखून ठेवते आणि रविवारी त्याचं फेडते, बघा बरं रविवारी ती कशी असते. महिन्यातल्या चार शनिवारांवर तरी डोळा ठेवू नका, एकोणतीसची आहे पोरगी. बँक सांभाळून ती उभी आहे हेच खूप आहे. तिला जमेल ते काम संध्याकाळी द्या, बसून करायचं द्या, भाजी निवडणं, हिशोब, गॅस बुक करणं. थंडीत भांडी गार पाण्यात नकोत, बोटं पांढरी निळी पडत असतील तर तेही डॉक्टरला सांगायचं असतं. आणि एक विचारू का, चार पानांत तुमचा मुलगा घरात काय करतो ह्याबद्दल एक ओळ नाहीये. सकाळची कणीक त्याने मळली तर काय होईल?

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नाही, त्या फ्रिजवर लिहून लावा. ताप आला तर क्रोसिन देऊन दोन दिवस बघत बसायचं नाही, तिची इम्युनिटी औषधांनी दाबलेली आहे, त्याच दिवशी फोन. लघवीला फेस, पायावर किंवा डोळ्याखाली सूज, श्वास घेताना छातीत दुखणं, झटके, गोंधळल्यासारखं बोलणं, ह्यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी हॉस्पिटल. किडनीचं दुखत नाही हो, म्हणून तर लघवीची साधी तपासणी दर काही महिन्यांनी करायची, बरं वाटत असलं तरी. मेडिकलवाल्याकडून दुखायच्या गोळ्या परस्पर आणू नका, त्या किडनीला त्रास देतात, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर ल्युपस आहे हे आधी सांगा कारण सल्फाची अँटिबायोटिक काहींना भडकवतात. लसींचं रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे ल्युपसच्या डॉक्टरला, विचारून, फ्लूची, न्यूमोनियाची साधारण देतात, जिवंत जंतूंच्या लसी नाही. आणि कुणी म्हणालं तिचं ताट वेगळं ठेवा तर सांगा हा संसर्गाचा आजार नाहीये, कुणाला लागत नाही.

राहिली उज्जैनची पुडी. सांधे मोकळे होतात हे खरं असेल, मला त्यात नवल वाटत नाही, कारण अशा कितीतरी बिननावाच्या पुड्या तपासल्या तर त्यात कुटलेलं स्टेरॉइड निघतं, कधी शिसं, पारा निघतो. म्हणजे मोजूनमापून स्टेरॉइड डॉक्टर देतायत ते तुम्हाला नको आणि किती आहे माहीत नसलेलं भावाकडून चालेल, असं होईल ना. उज्जैनला न्यायचंच तर महाकालच्या दर्शनाला न्या, भस्मारती पहाटे चारला असते, ऊनही नाही, फक्त स्वेटर न्या आणि ऊन तापायच्या आत परत निघा. आणि पुडी आधीच घरात आली असेल, भाऊ घेऊन आला असेल कारण भाऊ असेच असतात, तर फेकू नका, पिशवीत घालून पुढच्या अपॉइंटमेंटला डॉक्टरसमोर ठेवा, काढ्याची बरणी नि टॉनिकची बाटली पण सोबत, आणि काय काय किती दिवस दिलं ते तुम्ही स्वतः सांगा, सुनेला सांगायला लावू नका. लिव्हरची टेस्ट त्याच दिवशी करून घ्या.